आजोबांचं छावणीतलं कार्ड

भुईगाव, वसई. प्रिय आग्नेलला ताईचा जय ख्रिस्त.

मी बरी आहे. थंडीची आता सवय झाली. आईच्या गुडघ्याला तेल चोळता ना?

रविवारी मिस्सानंतर इथल्या शेजारच्या खेड्यात गेले. महायुद्धात तिथे सैनिकांना शिकवायची छावणी होती. गावच्या सभागृहात त्यांच्या फोटोंची जुनी पोस्टकार्डं मांडली होती. एका कार्डावर तंबूपुढे आपले आजोबा उभे होते. प्रदर्शन सांभाळणाऱ्या बाईंनी ते उलटून दाखवलं. मागे आजोबांचंच अक्षर. ‘मुलगी झाली तर नाव मोनिका ठेवा.’

ती मोनिका म्हणजे आपली आई; तिने वडिलांना पाहिलं ते फक्त याच कार्डावर. घरातलं हे कार्ड वाळवीने खाल्लं म्हणून तू सांगितलंस, तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती.

“हे कुठून मिळालं?” मी विचारलं.

“वसईच्या एका गृहस्थांनी विकलं,” त्या म्हणाल्या. त्यांनी पावती दाखवली, तिच्यावर तुझी सही होती.

अडचण होती तर मला सांगायचं होतंस, आग्नेल.

बाईंना मी आईबद्दल सांगितलं. त्यांनी कार्ड माझ्या हातात ठेवलं. नाताळला घेऊन येते. कसं सापडलं हे आई विचारेल. त्याचं उत्तर मी देणार नाही, तू द्यायचंस.

मुलांना पापे.

ग्लोरियाताई