चार जाड तारा, दोन बारीक

मी, श्रीमती जमना काशिनाथ पागधरे, वय वर्षे ६३, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार डहाणू, हे मृत्युपत्र आज माझ्या ओटीवर बसून, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी रागात सांगते आहे. लिहून घेत आहेत विपुलभाई वकील. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी दाखवलेच तर तो कागद खोटा समजावा आणि दाखवणाऱ्याला चहा विचारू नये.

१. माझे यजमान काशिनाथ सन १९९८ मध्ये वारले. मूलबाळ नाही. माझ्या पाठचा भाऊ प्रविण भालचंद्र मर्दे हयात आहे आणि त्याच्यामुळेच हा कागद लांबणार आहे. त्याची नवतरंग बँजो पार्टी आहे. हळदीला, वरातीला टेम्पोवर उभे राहून वाजवतात.

२. तराजू, पाट्या, बोंबील वाळवायचे बांबू आणि दोर हे सर्व बाजारात माझ्या शेजारी बसणाऱ्या सुनिताला द्यावे. माझी बसायची जागाही तिनेच धरावी. तिने माझी गिऱ्हाइके वीस वर्षे पळवली. आता निदान पळवायचे कष्ट वाचतील.

३. बँकेत जे असेल त्यातून माझे दिवस-कार्य करावे. जेवणावळ साधी ठेवावी. उरेल ते भाविकाचे. भाविका ही प्रविणची मुलगी, वय २२, घोलवडला चिकूच्या पॅकिंगवर कामाला जाते.

४. आता सदरहू वाद्य. विपुलभाई म्हणतात, असेच लिहायचे. ते वाद्य म्हणजे माझी बेस गिटार, रंग काळा, तारा चार; तिला असतातच चार.

काशिनाथ गेल्यावर मी मस्कतला एका कच्छी कुटुंबात स्वयंपाकाला होते. डहाणूच्या बाजाराने मला गुजराती फुकटात शिकवली होती, ती तिथे उपयोगी पडली. सन २००३ मध्ये सुट्टीवर येण्याआधी प्रविणने फोन केला. "ताई, पार्टीला बाहेरची गिटार आण. इकडच्या दोन महिन्यांत गंजतात." एवढेच बोलला. कसली, केवढी, काही नाही. मासळी आणायला पाठवतानासुद्धा माणूस बोंबील की मांदेली ते सांगतो.

मी दुकानात गेले. दुकानदाराने सारख्याच किमतीच्या दोन समोर ठेवल्या. एकीला सहा तारा, सुतासारख्या बारीक. दुसरीला चारच, पण चांगल्या जाड. मी होडीवाल्याच्या घरात जन्मले आणि होडीवाल्याच्या घरात दिली गेले. दोर घेताना आम्ही जाडी बघतो, संख्या मोजत बसत नाही. खाऱ्या हवेत काय टिकेल ते मला कोणी शिकवायला नको होते. मी विचारले, "ये मजबूत है ना?" तो म्हणाला, "बहुत मजबूत, बहन." तो खोटे बोलला नाही. बावीस वर्षांत त्यातली एकही तार तुटलेली नाही.

मुंबईच्या विमानतळावर साहेबाने अडवले. चादरीतून सोडायला लावले आणि म्हणाला, "वाजवून दाखवा." मी तार ओढली. आवाज जेमतेम निघाला. ही विजेवर वाजते हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. "मावशी, तुम्हाला फसवलंय," असे म्हणून त्याने मला सोडून दिले.

प्रविण बर्फाचा टेम्पो घेऊन आला होता. त्याच्या घरी आळी जमली. वाद्याला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. मग प्रविणने बोट लावून तारा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, दोन तारा कुठं टाकून आलीस?"

आळी हसली. हसायलाही हरकत नव्हती, एक दिवस. पण पुढे माझे नावच 'दोन तारा कमी' पडले. बाजारात गिऱ्हाईक मला त्या नावाने हाक मारून बोंबलाचा भाव विचारते. दोन वर्षे परक्याच्या चुलीपुढे उभे राहून आणलेली वस्तू, आणि प्रविण म्हणाला, "भंगारात तरी घेतात का बघू." तो काय म्हणाला ते त्याला आठवत नाही. मला आठवते.

५. मी ती माझ्या घरी आणली. पुन्हा मस्कतला जाऊन आले, तरी ती खुंटीवर तशीच होती. तलासरीचे काकड्या धोडी हे प्रविणच्या पार्टीत ढोल वाजवतात. एकदा माझ्या अंगणात तालीम चालू असताना त्यांनी तिच्याकडे बघितले, जुना गणपतीतला स्पीकर जोडायला लावला, जाड तार छेडली आणि म्हणाले, "बाय, ही गितार नाय. ही ढोलाची बहीन हाय. ढोल चालंल तशी हिला चालव." मग शिकवले त्यांनीच. सूर शिकवणारे खूप भेटले असते, मला ढोलवाला भेटला. ते माझे नशीब चांगले.

पार्टीत मी एकदाच वाजवले. तलासरीला एका हळदीत कीबोर्डवाला आला नाही, तेव्हा काकड्यांनी मला टेम्पोवर स्पीकरच्या मागे उभी केली, कोणाला दिसणार नाही अशी. नवरदेवाची आजी नाचता नाचता ओरडली, "आज ढोल पोटात वाजतंय!" सगळे नाचले. परत येताना प्रविणने तारीफ केली. कोणाची? स्पीकरची. काकड्यांनी त्याला खरे सांगितले, तर तो तोंड फिरवून बसला.

६. म्हणून सदरहू वाद्य, त्याचा स्पीकर आणि वायरसह, मी भाविकाला देते. ती सहा वर्षे दर रविवारी माझ्याकडे येऊन शिकली आहे आणि आता माझ्यापेक्षा चांगली वाजवते. प्रविण म्हणतो, पोरीने टेम्पोवर उभे राहून वाजवायचे नाही. माझा जीव याच्यात अडकला आहे. वस्तू कोणाकडे जाईल याची मला भीती नाही. ती पुन्हा खुंटीवर जाईल याची आहे.

७. माझे राहते घर आणि अंगण ही माझी स्वकष्टार्जित मिळकत. तीही भाविकाला. अंगणात प्रविणचा टेम्पो उभा असतो. भाविका त्या टेम्पोवर, स्पीकरच्या पुढे, लोकांना दिसेल अशी उभी राहून वाजवत असेल तोवर तिने तो उभा राहू द्यावा. तिला खाली उतरवले त्या दिवशी टेम्पो बाहेर.

८. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला बसू नये, असे विपुलभाई सांगतात. म्हणून काकड्यांना मी काही देत नाही. ते म्हणाले, "मना काय करायचा, बाय?" प्रविणलाही काही देत नाही, कारण दुसरा साक्षीदार मला तोच हवा आहे. उद्या तो म्हणेल की मला माहीत नव्हते. तसे म्हणायची सोय मला ठेवायची नाही. तो आत्ता पायरीवर बसला आहे. वरचे सगळे त्याला वाचून दाखवले आहे. तो म्हणतो, सही करणार नाही.

९. हे कलम विपुलभाईंच्या मनात नव्हते. मी लिहायला लावले.

प्रविणला मृत्युपत्राने काही मिळत नसले तरी एक वस्तू मी त्याला हयातीतच, आत्ता, हातात दिली आहे. खोबरेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेले कागदी पाकीट. आत गिटारच्या दोन तारा, बारीक. मस्कतला दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याच दुकानातून आणल्या होत्या. कमी पडल्या म्हणत होता ना, म्हणून. त्या वेळी मी विमानतळावर सामान घेऊन तीन तास उभी होते आणि प्रविण आला नाही, त्याला वरातीची सुपारी होती. मी चिडले आणि पाकीट डब्यात टाकले. वीस वर्षे झाली. चूक त्याची होती. नंतरची एकोणीस वर्षे ती माझीही असेल.

त्याने पाकीट उघडले. गंज धरला आहे का ते बोटाने बघितले. नव्हता. मला म्हणाला, "ताई, ह्या कुठं बसतात, तुला माहीत हाय?" मी म्हटले, "नाही. तुला?" तो म्हणाला, "नाय." भाविका आतून बघत होती. मग त्याने पेन मागितले.

येणेप्रमाणे मृत्युपत्र ऐकून, समजून, दोन ठिकाणी दुरुस्त करायला लावून मी खाली सही केली आहे.

ठिकाण : डहाणू
दिनांक : १४ डिसेंबर २०२५

लिहून देणार :
(सही) जमना काशिनाथ पागधरे

साक्षीदार :

१. (डाव्या हाताचा अंगठा) काकड्या लाडक्या धोडी, राहणार तलासरी

२. (सही) प्रविण भालचंद्र मर्दे, राहणार डहाणू
दोन तारा मिळाल्या. काही तक्रार नाही.