रशियाचा चंद्र सावंतकाकूंच्या बालदीत

प्रिय अप्पा,

"पडला तर पडला, वर गेला होता ना!" तुमचं हे वाक्य आज सकाळपासून कानात आहे. तुमच्यामागची ही पहिली दिवाळी. कामट्या, पतंगाचा कागद, पिठाची खळ, सगळं पसरून बसले आहे. म्हटलं, कंदील बांधण्याआधी तुमच्याशी बोलून घ्यावं.

सत्तावन्न सालची दिवाळी आठवते? रशियाने नुकताच माणसाने घडवलेला चंद्र आकाशात सोडला होता. गिरणीतून येताना तुम्ही इराण्याच्या रेडिओवर त्याचा आवाज ऐकलात आणि लालबागच्या आपल्या चाळीत, गॅलरीत उभं राहून सगळ्यांना करून दाखवलात, "बीप, बीप, बीप!" आई म्हणाली, "अहो, कोंबडीच्या पिलासारखं काय करताय? लोक बघतायत!"

बघू देत की! संध्याकाळी जगाच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवणारे तुम्हीच तर होतात. मलाया स्वतंत्र झाल्याचं वाचलंत, तेव्हा समोरच्या सावंतकाकूंनी विचारलं, "आणि आमचो महाराष्ट्र? तो खंयच्या पानावर?" सगळे हसले. तुम्ही मात्र पानं उलटून खरोखर शोधलंत.

म्हणूनच त्या वर्षीचा कंदील गोल झाला. मागे त्या चंद्राच्या तारांसारख्या चार लांब काड्या, पोटावर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र'. चंद्र रशियाचा, अक्षरं आपली! शिवाय तो नुसता टांगायचा नव्हता, फिरवायचा होता. आपल्या गॅलरीतून समोर सावंतकाकूंच्या गॅलरीपर्यंत, चौकावरून दोरी. दोरीवर कप्पी, कप्पीला कंदील.

"इकडची गाठ मी मारतो. तिकडची शकू मारेल," तुम्ही म्हणालात.

अप्पा, मी नऊ वर्षांची होते. दिवसभर गिरणीत तुटलेले धागे सांधणाऱ्या माणसाने मला गाठ दिली होती! पायऱ्या कशा उतरले आणि समोरच्या कशा चढले, आठवतही नाही. सगळा जीव बोटांत आणून गाठ मारली.

आणि तुम्ही काय केलंत? मागोमाग आलात, ती सोडलीत आणि स्वतः पुन्हा बांधलीत. माझ्या वेणीची रिबीन असो की आईच्या फराळाच्या डब्याचं फडकं, दुसऱ्याची गाठ तुम्ही कधी तशी राहू दिली नाहीत. पण ती एक राहू द्यायची होती हो! काकूंच्या दारात मी ओठ चावून उभी होते.

तुम्ही परत गेलात, मेणबत्ती लावलीत आणि कंदील सोडलात. काय दिमाखात निघाला! खाली पोरं "बीप, बीप" ओरडायला लागली. अर्धा चौक पार झाला, दोरी सैल पडली आणि चंद्र थेट नळाखालच्या बालदीत. चुर्र!

"अरे शंकर," काकू ओरडल्या, "तुझो रशियाचो चंद्र माझ्या बालदीत पडलो मा! थांबा, तीर्थ म्हणान वाटतंय!"

हसता हसता सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, माझीच गाठ सुटली असणार, दुसऱ्या कुणाची? तेवढ्यात समोरून तुमचा आवाज आला, "तिच्याकडे काय बघता? तिची गाठ तपासायच्या नादात माझीच अर्धवट राहिली." आणि मग ते वाक्य. त्यानंतर सगळ्यांत मोठ्याने हसलात ते तुम्हीच. मीही हसले. पण माझी गाठ टिकली असती का, ते कळायचं राहूनच गेलं.

पुढच्या महिन्यात रशियाने वर एक कुत्री पाठवली. आईने विचारलं, "तिला परत कशी आणणार?" तुम्ही पेपर घडी करून ठेवलात. दुसऱ्या दिवसापासून चाळीतल्या मोत्याला तुमच्या डब्यातली भाकरी मिळू लागली. वर गेलेल्याला परत कसं आणायचं, अप्पा? ती बातमी मी अजून रोज पेपरात शोधते.

आणि महाराष्ट्र झाला, त्या सकाळी पेपर घेऊन तुम्ही समोर धावलात ते! "वहिनी, पहिल्या पानावर!"

यंदाही कंदील गोलच करते आहे, चार काड्यांचा. वचन देते, विकतचा कधी आणणार नाही. पडला तर पडला.

फक्त एक मागते. तुम्ही ऐकणार नाही, ठाऊक आहे, तरी मागते. या वेळी माझी गाठ सोडून बघू नका.

तुमची,
शकू