यंदाचा हुरडा पुरस्कार

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

वैदेही काल पुण्याला परत गेली. तिच्या आईचं, सुमंगलाचं, तेरावं झाल्यावरही थांबली होती. दिवाळी अशीच गेली. जाताना म्हणाली, बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही, निदान लिहीत तरी जा. हरकत नाही. पाटबंधारे खात्यात नोकरीभर लिहिण्याचंच काम केलं. मात्र लिहिण्यासारखं काही नाही. मी ठीक आहे. झोप लागते. जेवण जातं.

गावातल्या वाचनालयाचा बालविभाग सुमंगला बघायची. किल्ल्या आमच्याकडेच राहिल्यात. सकाळी अध्यक्ष अण्णासाहेब येऊन बसले. चहा घेतला. किल्ल्यांचं नाव काढलं नाही, पण खुंटीकडे बघत होते. मीच म्हणालो, चार्ज रीतसर देतो, आधी पेंडिंग काम संपवतो. ते म्हणाले, दत्तराव, घाई न्हाई, सवडीनं द्या.

घाई मलाच आहे. आठ दिवसांत सगळी तयारी करून मोकळा.

पेंडिंग काम एकच. हुरडा पुरस्कार. मुलांना वर्षभरात सगळ्यात आवडलेल्या पुस्तकाला सुमंगला हा पुरस्कार द्यायची. जानेवारीत लिंबाजीच्या शेतात मुलं हुरडा खातात आणि तिथूनच लेखकाला फोन लावून निकाल सांगतात. लेखक आला तर त्यालाही हुरडा. शाल नाही, श्रीफळ नाही. लेखक सहसा येत नाहीत. याला पुरस्कार म्हणावं का, असा प्रश्न मी एकदा विचारला होता. ती म्हणाली, मुलं म्हणतात ना.

यंदाही वेळेवर होणार. बाहेरच्या लोकांना काही फरक जाणवता कामा नये.

६ नोव्हेंबर

सुमंगलाचा फोन रोज चार्ज करून ठेवतो. लेखक, प्रकाशक कुणाचाही येऊ शकतो. आज आलाच. रत्नागिरीच्या एक लेखिकाबाई. नाव सांगितलं आणि पुढं काही बोलेनात. मीच म्हणालो, सुमंगला जरा बाहेर गेलीय, निरोप देतो. त्या म्हणाल्या, बरं, मी फोन केला होता म्हणून सांगा.

हे खोटं बोलणं नव्हे. नवीन माणूस नेमेपर्यंत जागा रिकामी असल्याचं बाहेर बोलायचं नसतं. ऑफिसची पद्धतच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

बालविभाग उघडला. पुस्तकांची अवस्था बघून धक्का बसला. तेलाचे डाग, पेनाच्या रेघा, एका वाघाला मिश्या काढलेल्या. सगळ्यात वाईट शेवटची पानं. पुस्तकामागून पुस्तकात, शेवटच्या पानापासून मागं येत पानांचे कोपरे ओळीनं दुमडलेले. आणि हे सुमंगलाच्या डोळ्यांदेखत. प्रेमळ होती, पण शिस्त नव्हती.

पुरस्काराआधी सगळी पुस्तकं दुरुस्त करायची. तिच्या नावाला शोभेल असं काम करायचं. उद्याच जिंतूरला जाऊन ब्राऊन पेपर, डिंक, चिकटपट्टी आणतो.

१५ नोव्हेंबर

काम जोरात. पुस्तकं पिशव्या भरभरून घरी आणतो. डाग खोडरबरानं. कव्हर ब्राऊन पेपरचं. कोपरे सरळ करून, वरून धोतराचं फडकं टाकून इस्त्री. एकदा इस्त्री फिरली की कोपरा जन्मात दुमडला होता असं वाटत नाही. या कामात डोकं शांत राहतं. इतर काही मनात येत नाही. म्हणजे एरवीही येत नाहीच.

वाचनालय झाडणाऱ्या सगुणाबाई पिशवी न्यायला आल्या. दारातच उभ्या राहून बघत बसल्या. म्हणाल्या, साहेब, पुस्तकाला इस्त्री करणारा माणूस तालुक्यात पह्यलाच असंल. कौतुक ऐकून बरं वाटलं. मग म्हणाल्या, तापलीच हाय तर नातवाचा शर्ट आणू का. आणला. शर्टाबरोबर स्वतःची दोन लुगडीही आणली. करून दिली.

२३ नोव्हेंबर

आठ दिवसांची मुदत थोडी पुढं गेली. अण्णासाहेब बाजारात भेटले. कसं काय चाललंय, म्हणाले. चार्ज तयारच आहे, म्हणालो. ते म्हणाले, चार्जचं न्हाई विचारलं.

मग कशाचं विचारलं ते समजलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सगळी पुस्तकं कपाटात लावली. एका उंचीची एका ओळीत. ब्राऊन पेपरमुळे सगळी सारखी दिसतात. कुठलं कोणतं हे कळत नाही, पण त्यासाठी पाठीवर नंबर टाकलेत. सुमंगलानं बघायला हवं होतं.

संध्याकाळी लिंबाजीची नात भक्ती आली. पाचवीत आहे. सुमंगलाच्या मागं-मागं असायची. तिनं एक पुस्तक काढलं, शेवटची पानं बघितली, ठेवलं. दुसरं काढलं, ठेवलं. मग विचारलं, आजोबा, कोपरे कुठं गेले.

म्हणालो, सरळ केले.

ती म्हणाली, आमची मतं होती ती.

हळूहळू उलगडा झाला. पुस्तक आवडलं की प्रत्येक मुलानं शेवटाकडून एका पानाचा कोपरा दुमडायचा. एका मुलाचा एक कोपरा. डिसेंबरात सुमंगला मुलांना घेऊन बसायची आणि कोपरे मोजायची. ज्याचे जास्त, त्याला हुरडा.

म्हणजे वर्षभराचं मतदान मी इस्त्री करून टाकलं.

भक्तीला म्हणालो, टेक्निकल अडचण आहे, मार्ग निघेल. ती म्हणाली, पुन्ना दुमडले तर बाई मोजतील काय. कव्हरावरून बोट फिरवत बसली. जाताना पुस्तक नेलं नाही.

२ डिसेंबर

रात्रीत विचार केला. झालं ते एका अर्थी बरंच झालं. कोपरे मोजणं ही पद्धत कच्चीच होती. एकानं दोन कोपरे दुमडले तर कोण बघणार? आता रीतसर सभा घ्यायची. प्रत्येकानं उभं राहून पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक सांगायचं. शिस्तही लागेल. सुमंगलालाही पटलं असतं. कदाचित लगेच नाही.

१४ डिसेंबर, रविवार

सभा झाली. मुलं बऱ्यापैकी आली. मी प्रास्ताविक केलं. प्रास्ताविकातच काही मुलं बाहेर पेरू खायला गेली.

पहिल्या मुलाला उभं केलं. तो म्हणाला, बाई वाचून दाखवायच्या ते. नाव सांग, म्हणालो. नाव माहीत नव्हतं. लेखक? माहीत नव्हता. बाद केलं. दुसरी मुलगी उभी राहिली. बाई वाचायच्या ते शेळीचं. बाद. तिसराही तेच. भक्ती म्हणाली, आजोबा, समद्यायचं तेच हाय, बाद करू करू दमताल.

बाद मतांना प्रचंड बहुमत मिळालं. वैध मत एकच, तेही मिश्यांच्या वाघाला. मिश्या त्यानंच काढल्या होत्या.

विचारलं, कपाटातून ते शेळीचं काढून दाखवा. सगळी कपाटासमोर उभी राहिली. ब्राऊन पेपरच्या ओळी बघून एकही हात पुढं झाला नाही.

२१ डिसेंबर

उपाय साधा आहे. एकेक पुस्तक मी वाचून दाखवायचं. शेळीचं आलं की मुलं ओळखतील. मी आजवर मुलांचं पुस्तक वाचलेलं नाही, पण माझं वाचन स्पष्ट आहे. खात्यातली परिपत्रकं सगळ्यांना मीच वाचून दाखवायचो.

रोज संध्याकाळी वाचतोय. पहिल्या दिवशी खोली भरली होती. आज भक्ती, दोन लहान पोरं आणि सगुणाबाई. सगुणाबाईंना दिवा बंद करायचा होता म्हणून. भक्ती म्हणाली, आजोबा, तुमी समद्यायचा एकच आवाज काढायलाव. शेळीचा बी त्योच आन् वाघाचा बी त्योच. सगुणाबाई म्हणाल्या, साहेबाचा वाघ लय गरीब हाय बाई, त्याला घरचा दम असंल.

दम नव्हता. माझ्या घरी कधीच दम नव्हता. हे मी बोललो नाही.

२७ डिसेंबर

सापडलं. रत्नागिरीच्या लेखिकाबाईंचंच पुस्तक. एक मुलगी आणि तिची शेळी. पहिल्या पानालाच मुलं सरसावून बसली. बातमी पसरली तशी बाहेरची आत आली. मी वाचत गेलो. शेवटी शेळी बाजारात विकली जाते आणि मुलगी रिकामं दावं घेऊन घरी येते. संपलं, म्हणालो.

मुलं म्हणाली, चुकलं. पान पुन्हा तपासलं. चुकलं नव्हतं. पोरं म्हणाली, बाई असं न्हवत्या वाचत. शेळी विकली जात न्हाई. म्हंजी जाती, पण दिवेलागणीला आपलं आपण दावं सोडवून परत येती. एक लहानगं रडायला लागलं. त्याला वाटलं मीच विकली.

मुलांना समजावलं की छापलेलं असेल तेच खरं धरायचं. वाचणाऱ्यानं आपल्या मनानं शेवट बदलू नये. अशानं मुलांना चुकीची सवय लागते. त्यांनी ऐकून घेतलं. पटलेलं दिसलं नाही.

असो. निकाल लागला. पुरस्कार वेळेवर होणार, याचं समाधान आहे.

४ जानेवारी २०२६, रविवार

हुरडा पुरस्कार पार पडला.

लिंबाजीनं आगटी पेटवून ठेवली होती. कणसं भाजून चोळून द्यायला तो स्वतः बसला. तिळाची चटणी, गूळ, दही. मी छोटं भाषण लिहून नेलं होतं, पण हाताला काजळी लागली आणि कागद वाचण्यासारखा राहिला नाही. मग तसंच सुमंगलाच्या फोनवरून लेखिकाबाईंना फोन लावला. स्पीकर ऑन. मुलं गोल करून उभी.

मुलांनी ओरडून निकाल सांगितला. लेखिकाबाई खूश झाल्या. त्यांना पोटभर हसू दिलं मुलांनी. भक्तीनं विचारलं, शेळी परत आली का न्हाई. त्या म्हणाल्या, तुमच्या बाईंनी काय वाचलं? परत आली म्हणून, मुलं ओरडली. मग आलीच असेल, त्या म्हणाल्या, त्यांचं माझ्यापेक्षा जास्त येणं-जाणं होतं तिच्याकडे.

मग म्हणाल्या, बाईंची आठवण येतेय.

माझं वाक्य तयारच होतं. म्हणालो, ती जरा कामात आहे, सांगतो तिला.

मुलं सगळी माझ्याकडे बघत होती. लिंबाजी मान खाली घालून निखारे सारखे करत राहिला. एखादं पोर आता बोलणार, असं वाटलं. भक्ती पुढं आली, फोनशी तोंड नेलं आणि म्हणाली, होय, बाई कामात हायत. बाकीच्यांनी माना डोलावल्या. फोनला माना दिसत नाहीत, तरी.

हुरडा चांगला होता. मला जास्त गेला नाही.

५ जानेवारी, सोमवार

सकाळपासून एकच विचार. माझ्यामुळं लहान मुलं खोटं बोलली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बोलली. माझी कीव करून. हे दुरुस्त करायला हवं.

दुपारी लेखिकाबाईंना फोन लावला. म्हणालो, एक गोष्ट कळवायची राहून गेली. सुमंगला. पुढचं वाक्य येईना. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे हो. वैदेहीनं त्याच आठवड्यात त्यांच्या फोनमधल्या सगळ्यांना कळवलं होतं. मी तुमच्याशी बोलावं म्हणूनच फोन केला होता नोव्हेंबरात. तुम्ही म्हणालात, बाहेर गेल्यात. मग म्हटलं, यांना जमेल तेव्हा सांगतील.

आभार मानले. फोन ठेवला.

बसून राहिलो. अण्णासाहेब, लिंबाजी, सगुणाबाई, ती पोरं. सगळे तिला खांदा द्यायला, बघायला आलेच होते. माझ्याशी मात्र गेले दोन महिने जपून बोलत होते. आणि मी व्यवस्था बघत होतो.

वैदेहीला फोन केला. ती ऑफिसमध्ये होती. घाबरली. काय झालं बाबा, आत्ता, या वेळी?

मी म्हणालो, तुझी आई गेली.

ती म्हणाली, हो, बाबा.