आईच्या लुगड्याचा हिरवा रंग

अहो,

मी अन् बाबा कारंज्याले चाललो, फोटो स्टुडिओत. भाजी-भाकर झाकून ठेवली हाय, जेवून घ्या.

आईचा फोटो सापडला. तुमी घरच्या प्रिंटरवर दोन काढले होते, त्यातला दुसरा केनवडच्या मावशीकडे होता. आपला भिंतीवरचा उन्हानं पार पांढरा पडला, पण मावशीनं तिचा कोऱ्या कागदात घालून पेटीत ठेवला होता. लुगड्याचा हिरवा रंग जसाच्या तसा हाय. मोबाईल हरवला अन् त्यातला मूळ फोटोही गेला, तवापासून तुमी त्या भिंतीकडे पाहतच नाही, म्हणून आधी तुमालेच सांगून राह्यली.

घरच्या प्रिंटरच्या शाईले उजेड अन् ओल सोसत नाही. म्हणून स्टुडिओत स्कॅन करून पक्की प्रिंट काढून आणतो. ती खिडकीसमोर लावायची नाही. आतल्या खोलीतल्या कोरड्या भिंतीवर खिळा ठोकून ठेवा.

बाबानं फोटो पाह्यला अन् म्हणाले, "आवडाच हाय. वांगे तोडताना अशीच हासे." आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यायनं तिचं नाव घेतलं. आता फोटोचा लिफाफा छातीशी धरून दारात उभे हायेत, माह्या हाती देत नाहीत.

सुप्रिया