अविनाशचं बत्तीस बोअर

चँडलर, शनिवार संध्याकाळ

आज बंदुकांच्या दुकानातून फोन. "मिस्टर बोअरना सांगा, कंपनीने शेवटी त्यांचं रिव्हॉल्व्हर काढलं!" अविनाश गेल्याचं त्या म्हाताऱ्या दुकानदाराला माहीतच नाही.

अविनाश तिथे नेहमी एकच मागायचा. लहान, सहा गोळ्यांचं, बत्तीस बोअर. नागपूरला त्याच्या बाबांकडे होतं तसं. इथे अमेरिकेत 'कॅलिबर' म्हणतात, 'बोअर' कोणी म्हणत नाही, म्हणून दुकानात त्याला 'मिस्टर बोअर' नाव पडलं. त्यालाही आवडायचं. कंपन्या सगळं मोठ्या गोळीचंच काढतात, ही कायमची कुरकुर. "बत्तीसचं कुणी नवं काढतच नाही गं." मी म्हणायचे, "बोअर नको करूस."

खरं सांगायला हवं होतं का? पण दुकानदार इतका खूश होता. म्हटलं, "सांगते." फोन ठेवल्यावर अविनाशला खरंच सांगितलं. मोठ्याने.