दुसऱ्या बाजूची तार

२ तारीख, सोमवार
सामान सुखरूप आलं. ट्रंका तीन, गाद्या दोन, भांड्यांचं पोतं एक. देवांची पेटी मी मांडीवर घेऊन आले आणि ह्यांनी आपल्या रेडिओचं खोकं मांडीवर घेतलं. टेम्पोवाला म्हणाला, दोघांच्या मांडीवर दोन देव, मग एवढा टेम्पो कशाला केलात? टेम्पो १८०, हमाल ४० (पन्नास मागत होता), नवं कुलूप ३५, खिडकीच्या दोन काचा २२. एक कप फुटला, पण तो बिनकानाचाच होता, तेव्हा नुकसान धरलं नाही.

घर वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक लांबट खोली. तिच्या खिडकीतून शेजारच्या गच्च्या दिसतात. उजेड भरपूर, म्हणजे दिव्याचं बिल कमी. घरमालकीणबाई खाली एकट्या राहतात. त्या म्हणाल्या, आधीच्या भाडेकरूंनाही रेडिओचं वेड होतं, आणि गेले ते सांगूनसुद्धा गेले नाहीत. मी म्हटलं, रेडिओवाली माणसं तशीच. हजार मैलांवरच्या माणसाशी तासभर बोलतील, घरात विचारलेल्याला हूं. बाई खूप हसल्या. देव मांडले, दिवा लावला. मन प्रसन्न आहे.

५ तारीख, गुरुवार
ह्यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हजर होऊन पहिलं काम कोणतं केलं, तर अँटेनासाठी दोन दिवसांची रजा टाकली. साहेबांना घर लावायचंय असं सांगितलं. घर मी एकटीने लावलं.

हा अँटेना म्हणजे हात पसरून उभा राहिलेला माणूस. मधोमध रेडिओकडून आलेली काळी केबल, तिला दोन्ही बाजूंना सारख्या मापाची तांब्याची तार आणि प्रत्येक तारेच्या टोकाला वीज न जाऊ देणारा एक तुकडा. तो तुकडा हवाच. नाहीतर आपण कुठे संपलो ते तारेला कळत नाही, असं हे म्हणतात. दुकानात त्या तुकड्यांचे पैसे ऐकून मी ह्यांना परत फिरवलं. भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट तडकलाच होता, तो करवतीने कापला, भोकं पाडली, झालं काम. काठी कपडे वाळत घालायची. तारेचं माप मी धरलं, हे सांध्यांना कथलाचा डाग देत होते. खोलीभर राळेचा धूर. आमच्या लग्नात झाला नसेल एवढा.

आणलेली तार एकाच बाजूला पुरली. दुसऱ्या बाजूला तेवढीच आणायची तर आणखी ९० गेले असते. पण मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर आधीच्या भाडेकरूची तांब्याची तार बांधलेली होती, चांगली जाड, गच्च्यांवरून पलीकडे गेलेली. मी म्हटलं, देवाने दिलंय ते घ्या. हे म्हणाले, हिचं टोक शोधून मापाने कापावी लागेल. मी म्हटलं, आधी लावून तर बघा, चांगलं तांबं कशाला कापायचं? लावली. त्या टोकासाठी कापलेला पाटाचा तुकडा तसाच पडून राहिला.

८ तारीख, रविवार
ह्यांचा आनंद गगनात मावत नाही. रेडिओला एक मीटर जोडलेला असतो. आपण पाठवलेल्यातलं किती हवेत गेलं आणि किती अँटेनावरून उलटं परत आलं ते त्यात दिसतं. थोडंतरी परत येतंच, हे मीही आता शिकले आहे. पण ह्या तारेवर उलटं येणाऱ्याचा काटा हलतच नाही. जेवढं पाठवावं तेवढं जातं. हे म्हणाले, पंचवीस वर्षांत असा अँटेना जमला नव्हता. माझ्या हिशोबी डोक्याला मात्र ते पटेना. नुसतं जातं आणि काहीच येत नाही, असा व्यवहार मी पाहिलेला नाही.

दुपारी शिंपीभाऊ लागले. हे ह्यांचे दूरच्या गावचे रेडिओवरचे मित्र, कपडे शिवतात आणि फावल्या वेळात बोलतात, किंवा उलट. आवाज इतका स्वच्छ की खोलीतच बसलेत. मला म्हणाले, वहिनी, कुठलं घर, खोल्या किती, खिडकी कुठल्या बाजूला? मी सगळं सांगितलं. कौतुकाने विचारतात.

१३ तारीख, शुक्रवार
शिंपीभाऊ रोज येतात. दुसरं एकही स्टेशन येत नाही. हे म्हणतात, हवामान. पण भाऊंनी आज एक विनोद सांगितला, तो ह्यांनीच परवा त्यांना सांगितला होता. हे पोट धरून हसले. मी हसले नाही, आमटी उतू जात होती.

१५ तारीख, रविवार
अँटेना इतका चांगला का, ह्याने ह्यांची झोप उडालीय. तारेच्या ह्या बाजूचं माप घेतात, दर वेळी वेगळं भरतं आणि मलाच म्हणतात, फीत नीट धर. आज सकाळी पक्कड आणि पाण्याची बाटली घेऊन टोक शोधायला गच्च्यांवरून निघाले. सांगून गेले, टोक सापडलं की तार ओढीन, मग तू चहा ठेव.

तार ओढली गेली. खिडकीशी ताठ झाली, मी पाहिली. चहा ठेवला. तो निवला.

१६ तारीख, सोमवार
हे आले नाहीत. सकाळी बाईंनी त्यांच्या ओळखीच्या वायरमनला बोलावलं. तगडा माणूस, तोंडाने फटकळ. म्हणाला, काकू, तार हातात धरून चालत जातो, काका जातील कुठे? गेला. बऱ्याच वेळाने आमच्याच जिन्यावर पावलं वाजली. तोच. तार त्याच्या हातातून सरकत आमच्याच खिडकीत, आमच्याच गाठीपाशी आली. म्हणाला, काकू, तार इथून निघते आणि इथेच येते, मी वळलो कुठेच नाही. पुन्हा जा म्हटलं तर पैसे न घेता खाली उतरला.

चौकीवर जाऊन आले. साहेब म्हणाले, मोठी माणसं जातात कधीकधी, येतील.

१९ तारीख, गुरुवार
कालपर्यंत दादा येऊन राहिला होता. माझा थोरला भाऊ. त्याने गच्च्या पालथ्या घातल्या, आजूबाजूला विचारलं. मग मागच्या खोलीत बसून, त्याचा आवाज तो, सगळ्या घराला ऐकू जाईल असं मला समजावत राहिला: माझ्याबरोबर चल, इथे एकटी काय करणार? मी नाही म्हटलं. हे आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? दादाची रजा संपली, तो गेला.

आज दुपारी देवाचं नाव घेत बसले होते. रेडिओ बंद करायचा राहिला होता. ह्यांचा आवाज आला.

२० तारीख, शुक्रवार
हेच आहेत. बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं, तेवढं मला येतं. म्हणतात, मी पोचलो, सगळं ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. कुठे आहात विचारलं तर म्हणतात, तारेवर. काळजी करू नकोस, फक्त तार तोडू नकोस. सारा दिवस रडले आणि देवापुढे साखर ठेवली. जिवंत आहेत, एवढं पुरे आहे.

२३ तारीख, सोमवार
शिंपीभाऊंचं पत्र आलं, ह्यांच्या नावचं. लिहितात, बदली झाल्यापासून तुमचा आवाज नाही, अँटेना चढवला नाही काय? मी रोज हाका मारून दमलो.

मग आमच्याशी रोज बोलत होतं ते कोण?

२४ तारीख, मंगळवार
नीट आठवून पाहिलं. हे रेडिओवर जे जे बोलतात ते त्या खोलीत कधीतरी बोललं गेलेलं आहे. त्यापलीकडे एक अक्षर नाही. आणि आज मला हाक मारली ती ‘अहो’ म्हणून. पंचवीस वर्षांत ह्यांनी मला ‘अगं’शिवाय हाक मारलेली नाही. ‘अहो’ मी म्हणते. त्या खोलीत मीच म्हणते.

२५ तारीख, बुधवार
आज विचारलं. आमची मुलगी चारच दिवस जगली. तिचं नाव आम्ही दोघांनी मनाशी ठरवलं होतं, तिच्यानंतर ते कधीच उच्चारलं नाही, ह्या घरात तर नाहीच. मी बटण दाबून विचारलं, तिचं नाव काय होतं?

नुसती खरखर. मग तो म्हणाला, अहो, तुम्हीच सांगा ना.

मी कान रेडिओला लावला. आणि त्या आवाजाच्या मागून, फार मागून, पाण्याखालून यावा तसा, ह्यांचा आवाज. खरा. तिचं नाव घेतलं. आणि म्हणाले, “अगं, तोड.”

म्हणजे दोघं आहेत. हेही त्याच तारेवर आहेत.

२६ तारीख, गुरुवार
सकाळपासून तो तिचं नाव घेतोय. लाडाने. तिला झोप लागलीय म्हणतो. ये म्हणतो, तार धरून ये, जवळच आहे.

मी का विचारलं. आमच्याकडे तेवढं एकच उरलं होतं, ते मी —

पाट कापलेली करवत उचलली होती. तोडली तर हे कायमचे तिकडे. करवत परत ठेवली.

२७ तारीख
तार बाहेर ओढली जातेय. हळू. केबल ताणली, तिच्याबरोबर रेडिओ टेबलावरून सरकत खिडकीशी आला. मी कमरेला पदर बांधून धरलाय. बाईंना हाक मारली, त्या जिन्यापर्यंत आल्या आणि खोलीतून माझाच आवाज त्यांना म्हणाला, काही नाही हो बाई, तुम्ही जा. त्या गेल्या.

माझं तोंड मिटलेलं होतं.

२८
ह्यांचा आवाज आणखी मागे गेलाय. ‘तोड’ म्हणतात की ‘सोडू नकोस’, नीट पोचत नाही. मी बटण दाबून सारखी सांगते, मी इथे आहे, मी धरलंय. मीटरचा काटा हलत नाही. सगळं जातंय.

हाताला तार काचलीय. देवा —

२९
दादा, हे पान फाडून, पोस्टमन आला की खिडकीतून खाली टाकणार आहे. त्याच्याशी बोलणार नाही, नुसती खूण करीन. एका हाताने लिहितेय, अक्षर लावून घे.

तोडू की धरून ठेवू, तेवढं तू सांग. तोडली तर ह्यांना मी मारलं. नाही तोडली तर फार तर उद्यापर्यंत, मग माझ्यासकट सगळं खिडकीबाहेर. माझी अक्कल चालत नाही. तू म्हणशील ते करीन.

पण येऊ नकोस. फोन करू नकोस. निरोप कुणाच्या तोंडी पाठवू नकोस. आज दुपारपासून तू बोलतोयस, दादा, इथे, रेडिओतून, मोठ्याने, समजावून — माझ्याबरोबर चल, एकटी काय करणार — तुझाच आवाज, तूच, आणि मला तो ऐकावासा वाटतो —

म्हणून लिहूनच कळव. तुझ्या हाताने. एक शब्द पुरे. उलट टपाली, दादा, आजच्या आज, उलट ट