सतरा नंबरला हलता येत नाही

३ जून, मंगळवार
आज वैद्यकीय संशोधनात दाखल झालो. माझी पावलं बधिर झालीत, त्यावरचं नवं औषध. कोऑर्डिनेटर बाईंनी चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. मी अधूनमधून मान हलवत होतो. संमतीपत्र एकोणीस पानी. घरी न्या, वाचा, घरच्यांशी बोला, सही नंतर केलीत तरी चालेल, म्हणाल्या. चौतीस वर्षं हेडक्लार्क होतो मी! एकोणीस पानं, एकोणीस छोट्या सह्या, एक मिनिट पन्नास सेकंद. हात अजून शाबूत आहे.
काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा, म्हणाल्या. सांगितलं, सगळं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं, सगळं. बाईंनी घड्याळ बघितलं आणि स्वतःची सही केली.
सहभागी क्रमांक सतरा.

४ जून
संकल्प: आदर्श सहभागी व्हायचं. गोळी आठ म्हणजे आठला.
बायको चष्मा लावून संमतीपत्र वाचत बसलेली. अहो, यात लिहिलंय की, असं काहीतरी सुरू केलं. काढून घेतलं. ऑफिशियल कागद आहेत. कपाटात ठेवले, किल्ली खिशात.

११ जून
गोळीनंतर मळमळ. त्रास झाला तर वहीत लिहायचा, अशी सूचना आहे. लिहिलं नाही. उगाच त्यांचा अभ्यास बिघडायचा.

१९ जून
भाच्याचा फोन. माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, अंथरूण धरलंय, फार दिवस नाहीत, येऊन जा म्हणतो. बसने आठ तास. दर मंगळवारी तपासणी. सतरा नंबरच गायब झाला तर सोळाच्या पुढे थेट अठरा? जाता येत नाही म्हणून कळवलं. एकदा विचारून तर बघा, म्हणाला. विचारायचं काय त्यात? सही केलीय.
बायको एकटीच गेली. जाताना काही बोलली नाही. म्हणजे पटलं असावं.

२४ जून, मंगळवार
बाईंनी विचारलं, काही अडचण, काही प्रश्न? अगदी ओठांवर आलं होतं. पण मागे माणसं ताटकळत होती. दोन. नाही म्हणालो.
परतताना पायाला मुंग्या. गुण येतोय. पायावर पाय टाकून बसलो होतो, पण त्याचा काही संबंध नाही.

२७ जून
बायकोने फोन आक्काच्या कानाला लावला. आक्का म्हणाली, "तुझं काम उरकलं की ये. घाई नाही." तिनेच घाई नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला.
मला चालायला आक्काने शिकवलं, असं आई सांगायची. आक्काला दिवसा आडवी झालेली मी कधी पाहिली नाही. पाहवणार नाही. भीती वाटते.
(वरच्या तीन ओळी खोडायच्या.)

१ जुलै, मंगळवार
डोळे मिटायला लावून पायाला नायलॉनचा दोरा टेकवतात. कळलं की हो म्हणायचं. दहापैकी दोनदा कळलं. चारदा हो म्हणालो. बाईंना बरं वाटावं म्हणून.
संकल्प: पुढच्या वेळी रजेचा रीतसर अर्ज द्यायचा.

४ जुलै
अर्जाचा तिसरा मसुदा. 'कौटुंबिक' की 'अपरिहार्य' यावर सकाळ गेली. उद्या फेअर करतो.

५ जुलै
आक्का गेली. सकाळी साडेनऊला. अंत्यविधीला माझ्यासाठी थांबू नका, असं मी भाच्याला कळवलं.
आठची गोळी घेतलेली होती. दिवसभर काहीच वाटलं नाही. जेवलो. अर्ज फेअर केला.

८ जुलै, मंगळवार
बाईंना सुनावलं. तुमच्या या अभ्यासापायी सख्ख्या बहिणीला शेवटचं भेटता आलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फाइल उघडून एक पान माझ्यापुढे धरलं. तपासणी दहा दिवस पुढेमागे करता येते. अभ्यास केव्हाही सोडता येतो, कारण न देता. नेहमीचे उपचार थांबत नाहीत. खाली माझी सही. चांगली वळणदार.
"काका, नुसता फोन केला असतात तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. फाइल मिटताना म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला सही करू द्यायला नको होती."
मी म्हणालो, सोडतो आता. त्या म्हणाल्या, ठीक आहे. बस, एवढंच. अर्ज पुढे केला, तर म्हणाल्या, लागत नाही. कारण तरी वाचा, म्हणालो. तेही लागत नाही.
दाराशी गेलो. आता मंगळवार मोकळे, आणि जायचं कुठेच नाही. परत फिरलो. पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. साडेदहाची.